नक्षी आणि पुठ्ठे : मुलांच्या हातातील खेळांविषयी

एखाद्या कादंबरीविषयी मत द्यावयाचे असेल तर ती आधी वाचली पाहिजे, नाटकाविषयी बोलावयाचे असेल तर ते पाहिले पाहिजे, ही अट आपण सारेच मानतो. मुलांच्या हातातील पडद्यावर जे खेळ चालतात त्यांच्या बाबतीत मात्र ही अट कोणी पाळत नाही. धर्मग्रामातील पालकांची सभा असो की वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतील स्तंभ असो, 'व्हिडिओ गेमने पिढी बिघडली' हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की कोणता खेळ, त्यात काय घडते, खेळणाऱ्याला तो काय करावयास लावतो, असे विचारणाराच विक्षिप्त ठरतो. तरुण मंडळी याच खेळांविषयी आपापसांत तासन्‌तास बोलतात. पण त्यांचीही मते बहुधा 'भारी आहे' आणि 'बकवास आहे' यांच्या पलीकडे जात नाहीत. साहित्य, नाटक, चित्रपट यांची समीक्षा मराठीत दीडशे वर्षे होत आली. या नव्या प्रकाराची ती अद्याप नीट सुरूच झालेली नाही, आणि आमच्या घरांतील मुले दिवसातील मोठा वेळ ज्याच्या सहवासात घालवितात त्याविषयी आम्ही वडीलधारे केवळ मते बाळगून आहोत.

ख्रिस्तसभेला तर आता या विषयाशी जोडलेला एक संतही लाभला आहे. १९९१ साली लंडनमध्ये जन्मलेला आणि २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, इटलीतील मोंझा येथे रक्ताच्या कर्करोगाने वारलेला कार्लो अकुतीस. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. कार्लो प्लेस्टेशन खेळत असे आणि त्यासाठी त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास घालून दिला होता, असे त्याच्याविषयी सांगतात. प्रवचनांतून हा एक तास आमच्यापर्यंत पोहोचला आणि तेथेच थबकला. जणू खेळ म्हणजे खोकल्याचे औषध आणि प्रश्न एवढाच, की चमचे किती! याच कार्लोने संगणकाची भाषा शिकून घेतली होती व जगभरातील ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची नोंद करणारे संकेतस्थळ उभारले होते, ही गोष्ट आम्हांला त्या एका तासाहून अधिक बोलकी वाटते. यंत्र त्याला बाहेरून भुलवीत नव्हते, कारण ते त्याने आतून पाहिलेले होते.

यंत्र आतून पाहणे सोलापूरकराला परके असण्याचे कारण नाही. आपल्या शहराची चादर भारतभर ओळखली जाते. तिला भौगोलिक मानांकन मिळाले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गिऱ्हाईक चादर उलगडतो आणि त्याला दिसतात ती फुले, ते मोर, त्या वेलबुट्ट्या. पूर्व भागातील विणकराच्या घरात वाढलेल्या पोराला मात्र ठाऊक असते, की मोर चादरीत जन्मत नाही. मागाच्या माथ्यावर जॅकार्डचे यंत्र बसविलेले असते आणि त्यावरून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ फिरत असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. जेथे भोक असेल तेथील उभा धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथील खाली राहतो. मोर हवा की कमळ हवे, हे त्या भोकांनी आधीच ठरविलेले असते; बाकी सारी धाग्यांची आज्ञाधारकता.

जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने लियों शहरात १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेले हे यंत्र संगणकाच्या पूर्वजांपैकी एक आहे, हे येथे सांगितले पाहिजे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना याच मागावरून उचलली, आणि १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या विदुषीने दोहोंची तुलना स्वतःच करून ठेवली. पुढे विसाव्या शतकातही कित्येक दशके संगणकाला आज्ञा देण्याचे काम भोके पाडलेल्या पत्त्यांनीच होत असे. तेव्हा मुलाच्या हातातील मोबाइल आणि आजोबांच्या घरातील माग यांचे नाते आपण समजतो तितके दूरचे नाही.

व्हिडिओ गेमचेही असेच आहे. पडद्यावर दिसते ती नक्षी : बंदुका, रक्त, राक्षस, रंगीत गोळ्या. तिच्या मागे असतात ते नियम : काय केले असता गुण मिळतात, काय केल्याने मरण येते, कोणाला मागे टाकावे लागते, कोणासाठी थांबावे लागते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की खेळाचा अर्थ नियमांत असतो, आणि आमची मते बहुतेक सारी नक्षीवर बेतलेली असतात.

उदाहरण घेऊ. आज चाळिशीत असलेल्या वाचकांना १९९० च्या दशकातील ते टीव्हीला जोडावयाचे खेळ आठवत असतील. पिवळ्या-काळ्या कॅसेट घालून, दोन जणांनी दोन रिमोट धरून खेळावयाचे. त्यांत 'कॉन्ट्रा' नावाचा एक जपानी खेळ फार लोकप्रिय होता. उघड्या अंगाचे दोन शिपाई सतत गोळ्या झाडीत पुढे जातात, एवढीच त्याची गोष्ट. नक्षी पाहिली तर निव्वळ हिंसा. पण त्यात धबधब्याचा एक टप्पा आहे. दोघांनी खडकांवरून उड्या मारीत वर चढावयाचे असते. जो चपळ असतो तो भराभर वर जातो, पडदा त्याच्यासोबत वर सरकतो, आणि खाली राहिलेला सोबती पडद्याच्या कडेखाली जाऊन मरतो. शत्रूच्या गोळीने नव्हे, मित्राच्या घाईने. ज्या घरांत दोन भाऊ हा खेळ खेळले त्या घरांत या धबधब्यावर भांडणे झाली आणि मग थोरल्याने धाकट्यासाठी खडकावर उभे राहणे शिकून घेतले. हे शिक्षण चित्राने दिलेले नाही, नियमाने दिलेले आहे.

आता 'पब्जी' पाहा. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि बेटावरील सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाऊन शेवटी एक माणूस किंवा एक तुकडी उरते. या खेळाविषयी आमच्याकडे जितके बोलले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी बोलले गेले असेल. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर ११७ ॲपसह त्याच्यावर बंदी घातली तेव्हा अनेक घरांतून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. बंदीचे कारण मात्र हिंसा हे नव्हते. देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती परदेशी जाण्याची भीती हे होते. आमचे मत आणि सरकारचा निर्णय एका दिशेला गेले, एवढ्यावरून ते एकच आहेत असे आम्ही धरून चाललो. पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने, कोरियन कंपनीच्या थेट देखरेखीखाली, परत आला. या वेळी रक्ताचा रंग हिरवा केला होता, 'मारले' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'संपविले' असा शब्द घातला होता, आणि हे जग खरे नाही अशी सूचना अधूनमधून ऐकवली जात होती. मोर तोच, फक्त त्याचा रंग बदलला. पुठ्ठा एकही हलला नव्हता : शंभरांतून नव्याण्णवांना जावेच लागते, तरच एकाला जय मिळतो. बदलायचेच होते तर ते हे होते.

आणि तरीही, न्यायाने बोलावयाचे तर, याच खेळात एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी त्याच्या निंदकांनी कधी एक ओळ लिहिलेली आमच्या वाचनात नाही. चार जणांच्या तुकडीतील एखादा गोळी लागून कोसळला तर तो लगेच मरत नाही, रांगत राहतो. दुसऱ्याने त्याच्याजवळ जाऊन, बंदूक खाली ठेवून, सुमारे दहा सेकंद गुडघे टेकून बसले तर तो पुन्हा उभा राहतो. त्या दहा सेकंदांत वाचविणारा पूर्णपणे उघड्यावर असतो. तुकडीसाठी असा धोका पत्करणारा मुलगा आणि न पत्करणारा मुलगा मित्रांना नेमका ठाऊक असतो. बापाने याविषयी मुलाला एकदा विचारले असते तर दोघांना बोलण्यासारखे पुष्कळ निघाले असते. वाईटाचेही असेच. या खेळातील खरी वाईट वस्तू बंदूक नाही, पेटी आहे. पैसे भरून एक बंद पेटी उघडावयाची. आत दुर्मीळ पोशाख निघेल की चिंधी, हे नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकत घ्यावयाच्या पेट्यांना जुगार ठरविले. आमच्या सभांतून बंदुकीवर भाषणे होतात. पेटीचे नाव निघत नाही.

वडीलधाऱ्यांचे स्वतःचे खेळ या चर्चेतून नेहमी सुटतात. पुण्याच्या गाडीत शेजारी बसलेल्या प्रौढ बाई 'कँडी क्रश' खेळत असतात आणि मध्येच मान वर करून 'हल्लीची मुले' हा विषय काढतात. गोड रंगाच्या गोळ्या जुळविण्यात पाप काय? गोळ्यांत काहीच नाही. पण त्या खेळात पाच जीव असतात. हरलात की एक जातो आणि तो परत यावयास अर्धा तास लागतो. वाट पाहावयाची नसेल तर पैसे भरा, किंवा नातेवाइकांकडे मागणी पाठवा. खेळ विकतो ते गोळ्या नव्हेत. तुमचा अधीरपणा तुम्हांलाच परत विकतो. नियमांच्या दृष्टीने पाहिले तर हा निरागस दिसणारा खेळ शिपायांच्या 'कॉन्ट्रा'हून कितीतरी अधिक लबाड आहे.

पैसे लावून खेळावयाच्या रमीसारख्या खेळांविषयी फार लिहिण्याची गरज आता उरलेली नाही. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या सभागृहात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांचे खाते बदलले. ते खेळत होते की नव्हते, यावर चौकाचौकांत वाद झाले. तो डाव सामान्य माणसाच्या खिशातून पैसे कसे काढतो, प्रथम थोडी फुकट रक्कम खात्यात टाकून हात कसा सैल करतो, यावर मात्र आमच्या कानावर फारसे काही आले नाही. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला व २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यातील एक गोष्ट समीक्षकालाही आवडण्यासारखी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादात तो शिरत नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा त्यात आहे का, एवढेच पाहतो. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी निदान एकदा नक्षी बाजूला सारून पुठ्ठा हातात घेतला.

धर्मशिक्षणासाठी खेळ वापरण्याचा विचार आता अनेकांच्या मनात येतो, म्हणून एका जुन्या खेळाचा विचार करू. मोक्षपट आपल्याकडे संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. परंपरा तशी सांगते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, आणि शेवटच्या घरात मोक्ष. इंग्रजांनी तो उचलला आणि आज तो सापशिडी म्हणून जगभर खेळला जातो. चित्र म्हणून त्यात नीतीचा सारा कोश भरलेला आहे. पण नियम? कवड्या पडतील तसे चालावयाचे. खेळणारा औदार्य निवडीत नाही. दान पडले म्हणून औदार्याच्या शिडीवर पोहोचतो. चित्र सांगते सद्गुणाने वर चढाल, आणि नियम सांगतो नशिबाने. कोणी म्हणेल, मनुष्य स्वतःच्या बळावर तरत नाही, कृपेनेच तरतो, हाच त्यातील गूढ अर्थ. अर्थ सुंदर आहे. पण सात वर्षांच्या मुलाला तो कवड्यांतून कळत असेल, यावर आमचा विश्वास नाही. बायबलमधील प्रसंगांवर प्रश्नोत्तरांचे खेळ करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पडद्यावर नोहाचे तारू काढले म्हणून खेळ धार्मिक होत नाही. दोन मुलांपैकी ज्याने आधी कळ दाबली त्याला गुण, असा नियम असेल तर मुले तारवाविषयी नव्हे, कळ दाबण्याविषयी शिकतील.

या कसोटीवर आपल्याच राज्यातील एक खेळ तपासून पाहू. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जगातील या क्षेत्रातल्या मोठ्या पारितोषिकांत नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. भारतीय खेळाच्या बाबतीत ही अपूर्वाई होती. गोष्ट साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षस मुलांना पळवून नेतात, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलूही असतो, आणि त्याला शोधावयास ती निघते. दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचे धनुष्य तिच्या हाती येते. तिची वाटचाल वरून पाहत हे दोन्ही देव आपसांत बोलत असतात आणि त्यांच्या बोलण्यातून गोष्ट पुढे सरकते.

नक्षी अप्रतिम आहे. राजस्थानी धाटणीचे किल्ले, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग, आणि मधल्या कथाभागासाठी छायाबाहुल्या. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी कधी पडद्यामागून हलताना पाहिल्या असतील त्यांना हा भाग पाहताना ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. पण लढाया सुरू झाल्या की पुठ्ठे परदेशी आहेत हे जाणवते. एका चौकात शिरावे, राक्षस संपेपर्यंत वाट उघडू नये, संपले की पुढच्या चौकात जावे : हा साचा पाश्चात्त्य आणि जपानी खेळांत शेकडो वेळा वापरून गुळगुळीत झालेला आहे. त्यात त्रिशूळ दिला काय आणि कुऱ्हाड दिली काय, हात तेच करतो. भारतीय पुराणकथेतून निघालेला, वध हाच उपाय नसलेला एखादा नियम येथे सुचला असता तर खेळाची पातळी कुठल्या कुठे गेली असती.

दोन ठिकाणी मात्र चित्र आणि नियम एकजीव झाले आहेत, आणि त्या दोन जागांसाठी आम्ही या खेळाची शिफारस करतो. पहिली राजीच्या हालचालींत. ती भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेते, उडी मारून शत्रूच्या मागे उतरते. हे कौशल्य तिला देवाने दिलेले नाही. पोटासाठी ती जे करीत आली तेच संकटात कामी येते. खेळणाऱ्याच्या बोटांना हे कळते, कारण त्रिशूळ नुसता फिरविण्यापेक्षा खांबाचा आधार घेतल्याने अधिक साधते. दुसरी जागा कोड्यांची. फिरत्या चकत्या हळूहळू जुळवून एक चित्र पूर्ण करावयाचे असते, आणि ते जुळत असताना राजीला भावाच्या आठवणी येतात. येथे घाई नाही, शत्रू नाही. तुकडे जुळविणे आणि आठवणे ही एकच क्रिया झालेली आहे. हे सुचणे म्हणजे कला. शेवट मात्र अर्ध्यात तोडल्यासारखा आहे. पाच-सहा तासांचा खेळ संपतो तेव्हा एखाद्या कादंबरीची अखेरची प्रकरणे फाटून गेल्यासारखे वाटते.

दुर्गा आणि विष्णू असलेला खेळ आपल्या मुलांनी खेळावा का, असा प्रश्न काही कुटुंबांतून येईल. तो प्रामाणिक आहे, त्याला हसू नये. आम्हांला येथे फादर स्टीफन्स आठवतात. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले गेले तेव्हा त्या इंग्रज धर्मगुरूंनी पुराणाचा घाट आणि ओवी स्वीकारली, कारण लोकांचे कान त्या घाटावर घडलेले होते. घाट कोणाचा आहे यापेक्षा तो काय वाहून नेतो हे त्यांनी पाहिले. आणि १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले तेव्हा कादंबरी हा प्रकार मराठीत नवखाच होता. विधवांची दुःखे सांगण्यासाठी त्यांनी तो निःसंकोच हाती घेतला. सोलापूरची ख्रिस्ती मुले दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याची गर्दी पाहत वाढतात. शेजाऱ्याच्या देवांची नावे त्यांना पडद्यावरूनच प्रथम कळतील, असे थोडेच आहे? आईवडिलांनी शेजारी बसून पहिला तासभर पाहावे आणि मुलाला मनात येईल ते विचारू द्यावे.

घरात मुलगी असेल तर हा खेळ आधी तिच्या हाती द्यावा. आपल्याकडील गोष्टींत बहुधा बहीण संकटात सापडते आणि भाऊ धावून येतो. येथे भाऊ वाट पाहत आहे आणि बहीण खांबावरून गिरकी घेऊन निघाली आहे.